टायर मोजा, मग मोटरकडे वळा

*पत्र : मी कराडजवळच्या गावात राहतो. मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील टाटा २५१५ ट्रक चालवतात. सुट्टीत त्यांच्या गाडीची १/१४ मापाची केबिन आणि हौदा सनबोर्डमध्ये बनवला. फाळके उघडतात, आरसे-बंपर सगळं झालंय. चेसिस ॲल्युमिनियमच्या चॅनलची आहे. आता गाडी रिमोटवर पळवायचीय. साठवलेले बारा हजार आहेत. दुकानदार म्हणतो, ३३०० केव्हीची ब्रशलेस मोटर आणि तिच्या ईएससीचा (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या सर्किटचा) सेट घे, पॉवर कमी पडणार नाही. मित्र म्हणतो, खेळण्यातल्या गाडीचा रिमोट काढून बसव, फुकटात होईल. पुढे हौदा जॅकवर उचलायचा आहे, लाइट आणि हॉर्नही हवाय. काय घेऊ आणि आधी काय घेऊ? – दहाटायरी, कराड*

प्रिय दहाटायरी,

दुकानदाराचा सेट घेऊ नका आणि मित्राचा रिमोटही बसवू नका. दोघांची कारणं वेगळी आहेत, पण मोटरपासून सुरुवात करायची ही मुळातली चूक दुकानदाराची.

वडिलांच्या गाडीचा नंबरच वाचा. २५१५ म्हणजे भरल्या गाडीचं वजन २५ टन आणि ताकद १५० हॉर्सपॉवर. टनामागे सहा हॉर्सपॉवर, बास. एखाद्या साध्या मोटारीलाही वजनाच्या मानाने याच्या कितीतरी पट ताकद असते. तरी हीच गाडी भरलेल्या हौद्यासकट कुंभार्ली घाट चढते, कारण खालच्या गिअरमध्ये ती इंजिनाचा वेग सोडून जोर घेते. तुमच्या ट्रकचंही तेच आहे. पैसा गिअरमध्ये घालायचा, मोटरमध्ये नव्हे. आणि कुठला गिअर हवा, हे टायर सांगतो.

आता वही काढा. तुमच्या वडिलांच्या गाडीला १०.००-२० चे टायर असतील तर बाहेरचा व्यास साधारण १०५० मिलिमीटर भरतो. त्याला १४ ने भागा, ७५ आले. म्हणजे ७५ मिलिमीटरचा टायर हवा आणि त्याचा घेर साडेतेवीस सेंटिमीटर. खरी गाडी रस्त्याला ताशी ६० ने धावते असं धरलं, तर १४ ने भागून ताशी सव्वाचार किलोमीटर, म्हणजे मिनिटाला ७१ मीटर. तेवढं अंतर जायला चाकाला मिनिटाला सुमारे ३०० फेरे लागतात. हा तुमचा टॉप स्पीड. एवढ्या वेगात तुम्ही ट्रकच्या बरोबरीने चालत जाऊ शकता आणि तो दिसतोही खराखुरा. त्याच्यापेक्षा जोरात पळवला की सनबोर्डची कितीही कारागिरी केलेली असो, तो खेळणं वाटायला लागतो.

आता दुकानदाराची मोटर या आकड्यासमोर ठेवा. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाचे किती फेरे. ३३०० गुणिले दोन सेलच्या बॅटरीचे ७.४ व्होल्ट, झाले चोवीस हजार चारशे. ते ३०० वर आणायचे तर ८१ पट गिअर लागेल. एक्सेलमध्ये तिप्पट मिळाला तरी वर सत्तावीस पटीची गिअरबॉक्स तुम्हाला स्वतः बनवावी लागेल. शिवाय या सेटमधल्या स्वस्त मोटरी बहुतेक सेन्सर नसलेल्या असतात, त्या अगदी हळू वेगात अडखळतात, थरथरतात. रेसिंग कारला त्याने काही बिघडत नाही, ती सुटताच वेग घेते. ट्रकला मात्र इंच-इंच सरकत मागे घ्यायचं असतं. दुकानदार लबाड नाही. त्याच्याकडे येणारी दहातली नऊ मुलं गाडी उडवायलाच येतात, म्हणून त्याने तुम्हालाही तेच दिलं.

तुम्हाला हवी साधी ब्रशवाली गिअर मोटर. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत ‘जॉन्सन मोटर’ म्हणून मागितलीत की १२ व्होल्टची, पुढे गिअरचा डबा असलेली, ६ मिलिमीटर शाफ्टची मोटर काढून देतात. रोबोटिक्सवाली मुलं हीच वापरतात, त्यामुळे ऑनलाइनही सहज मिळते. तीच मोटर वेगवेगळ्या आरपीएममध्ये येते. कुठला आरपीएम घ्यायचा, ते एक्सेल हातात आल्याशिवाय ठरवू नका.

एक्सेलचं सविस्तर सांगतो, कारण पहिल्या ट्रकचे सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. टायर, रिम आणि मागचा डिफरन्शिअल एक्सेल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) एकाच मापाचे, एकाच ठिकाणहून घ्या. हबचे छिद्र आणि नट जुळणं महत्त्वाचं. १/१४ मध्ये जगभर जपानच्या शिझुओकातल्या तामिया कंपनीचं माप चालतं. त्यांचे टायर ८३ मिलिमीटरच्या आसपास असतात, म्हणजे तुमच्या टाटाला किंचित मोठे. मडगार्डच्या आत बसतात का ते पुठ्ठ्याची चकती कापून आधी पाहा. रुंदीही बघा. खरा हौदा आठ फुटी धरला तर तुमच्या मापात १७.४ सेंटिमीटर होतो, आणि जोडटायरांसकट एक्सेल त्याच्या बाहेर डोकावला तर सगळी शोभा जाते.

एक्सेल आला की त्याचा रेशो स्वतः मोजा, पाकिटावर विसंबू नका. दोन्ही चाकांना खडूची खूण करा. पिनियनचा, म्हणजे मोटरकडून एक्सेलमध्ये येणारा शाफ्ट बोटांनी फिरवत राहा आणि दोन्ही चाकं बरोबरीने एक फेरा पुरा करेपर्यंत शाफ्टचे किती फेरे झाले ते मोजा. एकच चाक फिरत असेल आणि दुसरं थांबलेलं असेल तर मोजमाप फसेल, डिफरन्शिअलमुळे फिरणारं चाक दुपटीने फिरतं. समजा तीन फेरे आले. मग चाकाला ३०० हवेत तर मोटरच्या शाफ्टला ९०० हवेत. १००० आरपीएमची मोटर तीन सेलच्या बॅटरीच्या ११.१ व्होल्टवर रिकामी सव्वानऊशेच्या आसपास फिरते, लोडखाली आणखी थोडी उतरते. नेमकी जुळली. एक्सेल नुसताच दांडा असेल, डिफरन्शिअल नसेल, तर ३०० आरपीएमची घ्यावी लागेल. पण तसला दांडा गुळगुळीत फरशीवर वळताना गाडीला सरळ ढकलत राहतो, म्हणून मी तुम्हाला तो सुचवणार नाही.

जोर पुरेल का, हाही हिशेब करूनच टाका. ट्रक भरून चार किलोचा धरा आणि पाचात एक असा चढ. चढाला आणि घर्षणाला मिळून साधारण एक किलोचा ओढा लागतो. टायरची त्रिज्या पावणेचार सेंटिमीटर, म्हणजे चाकाशी जवळजवळ चार किलो-सेंटिमीटर. तिप्पट गिअर मध्ये असल्यामुळे मोटरला सव्वा-दीड पुरेल. मोटर घेताना तिचा अडून बसतानाचा नव्हे, चालतानाचा टॉर्क विचारा आणि लागणाऱ्याच्या दोन-तीन पट असलेली घ्या.

मागचे दोन एक्सेल आहेत, पण दोन्ही ओढते करायच्या फंदात पहिल्या ट्रकला पडू नका. वडिलांना विचारा, त्यांच्या गाडीचे मागचे दोन्ही ओढतात का. अशा कित्येक दहा टायरी गाड्यांचा एकच ओढतो, दुसरा नुसता वजन पेलतो. तुम्हीही तसंच करा. फक्त त्या नुसत्या फिरणाऱ्या एक्सेलचे पाटे मऊ ठेवा. ते कडक राहिले की वजन सगळं त्याच्यावर जातं, ओढणारी चाकं हलकी पडतात आणि उंबरठ्यावर ट्रक जागच्या जागी चाकं फिरवत बसतो.

बाहेरून अख्खा तामियाचा किट मागवावा का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचार मनात येईलच. त्यात स्कॅनिया, व्होल्वो, मर्सिडीज, अमेरिकन लांब नाकवाल्या गाड्या मिळतात, टाटा-लेलँड मिळत नाहीत. किटमध्ये मोटर आणि तीन गिअरची डबी असते, पण रिमोट, सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी मोटर), बॅटरी वेगळी. त्यावर खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० झाली. त्याच २०२० मध्ये अलीएक्सप्रेस ही चिनी खरेदीची साइटही भारतात बंद झाली. तुमची केबिन तयार आहे, तुम्हाला फक्त खालचा भाग हवाय.

आता रिमोट. बारा हजारांपैकी सगळ्यात मोठा वाटा इथेच घालायचा आणि पहिली खरेदी हीच करायची. ट्रक मोडेल, विकाल, मोठा बनवाल, रिमोट तोच राहील.

मित्राच्या सल्ल्यात अडचण अशी की साध्या खेळण्यांचे रिमोट बटणासारखे काम करतात. पुढे म्हटलं की पूर्ण पुढे, डावीकडे म्हटलं की पूर्ण डावीकडे. मधलं काही नाही. तुम्हाला काडी जेवढी हलवाल तेवढंच वळणारा, प्रपोर्शनल रिमोट हवा. तो २.४ गिगाहर्ट्झचा घ्या. हा पट्टा आपल्याकडे २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो. भारतातल्या दुकानातूनच घ्या, कारण वायरलेस उपकरण परदेशातून मागवलं तर कस्टममध्ये मंजुरीचा कागद मागू शकतात.

पिस्तूल की काड्या? कारवाले पिस्तुलाच्या आकाराचा, चक्रवाला रिमोट घेतात. सुकाणू छान सापडतं, पण स्वस्त पिस्तुलांत दोन-तीनच चॅनल असतात, आणि एका चॅनलवर एकच काम चालतं. तुमची यादी बघा : सुकाणू, पुढे-मागे, जॅक, लाइट, हॉर्न. पाच झाले. सहा चॅनलची पिस्तुलंही मिळतात, तरी बटणं अंगठ्याने शोधावी लागतात. मी तुम्हाला काड्यांचा फ्लायस्काय एफएस-आय६ आणि सोबतचा आयए६बी रिसीव्हर सुचवीन. सहा चॅनल, वीस गाड्यांची स्मृती. पुढचा ट्रक बनवलात की नुसता रिसीव्हर घ्यायचा आणि याच रिमोटशी जोडायचा.

हा रिमोट मुळात विमानांसाठी आहे, त्यामुळे ट्रकवाल्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी खटकतात. एक, चालू करताच तो तक्रार करतो आणि पुढे जात नाही. वरची सगळी बटणं वर आणि डावी काडी पूर्ण खाली असल्याशिवाय तो सुरूच होत नाही. बिघडला म्हणून परत पाठवू नका. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नेहमीच्या मोड २ च्या रिमोटमध्ये डावी काडी उभ्या दिशेने सोडली तरी जिथल्या तिथे राहते, विमानाच्या थ्रॉटलला तेच हवं असतं. ट्रक तिच्यावर लावलात तर बोट काढल्यावरही तो चालतच राहील. म्हणून ईएससीची वायर रिसीव्हरच्या दुसऱ्या चॅनलवर लावा, म्हणजे उजव्या काडीची उभी हालचाल. ती स्प्रिंगने मध्ये येते, ट्रक न्यूट्रलवर. सुकाणू चौथ्या चॅनलवर, डाव्या काडीच्या आडव्या हालचालीवर ठेवा. एका हाताने सुकाणू, दुसऱ्याने वेग.

यात एक वरकड फायदा आहे. एफएस-आय६ मध्ये ‘ड्युअल रेट’ची सोय पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या चॅनलला मिळते. तुमचा वेग दुसऱ्यावर असल्यामुळे एका बटणाने तो निम्मा करता येतो. अंगणात गाडी मागे लावताना बटण खाली, मोकळ्यावर बटण वर.

जॅकला पाचवा चॅनल द्या आणि तो तीन टप्प्यांच्या बटणावर ठेवा. वर, बंद, खाली. आत एन२० ची छोटी गिअर मोटर, तिला आटे पाडलेला दांडा, आणि मागे-पुढे फिरवणारी एक लहान ब्रश ईएससी. हौदा पूर्ण वर गेल्यावर मोटर अडून जळू नये म्हणून दोन्ही टोकांना लिमिट स्विच आणि त्याला समांतर डायोड लावा, म्हणजे एका दिशेने बंद झालेली मोटर उलट दिशेने सुरू होते. डिप्लोमाच्या मुलाला याहून जास्त सांगायला नको.

मुख्य मोटरला क्विकरन १०६० ही ब्रश ईएससी घ्या. ६० अँपिअरची आहे, तुमच्या मोटरला एवढी लागत नाही, पण थंड राहते, सहज मिळते आणि तीन सेलची बॅटरी झेलते. तिच्यावर दोन छोटे जंपर असतात. एकाने लिथियम की निकेल ते ठरतं. दुसऱ्याने रिव्हर्सची पद्धत : आधी ब्रेक मग रिव्हर्स, किंवा थेट रिव्हर्स. ट्रकला थेट रिव्हर्स सोयीचा. लिथियम बॅटरी लावून जंपर निकेलवर राहिला तर बॅटरी नको तेवढी उतरते आणि कायमची बाद होते, म्हणून तो आधी बघा.

सुकाणूच्या सर्व्होला एमजी९९६आर पुरे. गिअर धातूचे असतात आणि जोर नऊ-दहा किलो-सेंटिमीटरचा. नकला फार आहेत, म्हणून घेताच हातात धरून चालवून बघा, कुरकुर आली तर परत करा. या सर्व्होमुळे होणारा एक घोटाळा नव्या माणसाला दिवसेंदिवस छळतो. ट्रक उभा असताना सुकाणू पूर्ण वळवलं की रिसीव्हरचा दिवा क्षणभर विझतो आणि सगळं बंद पडतं. काही जण रिमोटची रेंज तपासत बसतात. खरं कारण असं की अडलेला सर्व्हो अडीच अँपिअरच्या आसपास ओढतो, ईएससीतून येणारा पाच-सहा व्होल्टचा पुरवठा तेवढा देऊ शकत नाही आणि रिसीव्हर उपाशी पडतो. आधी रिमोटच्या ‘एंड पॉइंट’मध्ये जाऊन सर्व्होची हालचाल इतकी कमी करा की चाकं शेवटाला टेकायच्या आधी तो थांबेल. तरीही दिवा विझला तर ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा वेगळा बीईसी (बॅटरीतून रिसीव्हर-सर्व्होला कमी व्होल्ट देणारं सर्किट) लावा आणि ईएससीच्या तीन तारांच्या प्लगमधली लाल तार काढून टेप गुंडाळून ठेवा. दोन पुरवठे एकमेकांशी भांडायला नकोत.

बॅटरी तीन सेलची लिथियम, ११.१ व्होल्ट. लायपो (लिथियम पॉलिमर) किंवा १८६५० मापाच्या गोल सेलचा, बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) लावलेला पॅक, दोन्ही चालतील. १८६५० सेलवर ९,८०० एमएएच लिहिलेलं दिसलं की ते खाली ठेवून पुढच्या दुकानात जा, त्या आकाराच्या सेलमध्ये तेवढं मावतच नाही. सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जर घ्या, मोबाइलचा चार्जर कापून जोडू नका. चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर करा, गादीवर किंवा झोपताना लावून नको. बॅटरी चेसिसमध्ये ओढणाऱ्या एक्सेलच्या थोडी पुढे ठेवलीत तर तिचं वजनही पकडीला कामी येईल.

जोडणीत तीनच सूचना. मोटरच्या दोन टोकांवर १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर झाळा, ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास कमी होतो. रिसीव्हर ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्ये पुरू नका, केबिनच्या छतात ठेवा. सनबोर्डमधून लहरी सहज जातात, पण केबिनवर चकचकीत फॉइलची टेप लावली असेल तर अँटेनाची शेवटची तीन सेंटिमीटर तिच्या आड येऊ देऊ नका. दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात. आणि पहिल्यांदा रस्त्यावर उतरवण्याआधी रिमोटच्या रिसीव्हर सेटिंगमध्ये फेलसेफ लावा, म्हणजे सिग्नल तुटल्यावर काय करायचं ते रिसीव्हरला सांगून ठेवा. दुसऱ्या चॅनलला न्यूट्रल द्या, मग ट्रक विटेवर चढवून चाकं अधांतरी फिरवा आणि रिमोट बंद करा. चाकं थांबली पाहिजेत. नाही थांबली तर अंगणातली लहान मुलं त्या दिवशी घरात ठेवा.

पैशांचं म्हणाल, तर भाव सारखे हलतात म्हणून आकडे देत नाही. रिमोट-रिसीव्हर, मग टायर-रिम-एक्सेल, मग मोटर-ईएससी-सर्व्हो, मग बॅटरी-चार्जर, या क्रमाने घेत गेलात तर मध्येच पैसे संपले तरी हातात आलेली एकही वस्तू फुकट जाणार नाही. एक्सेलवर पैसे कमी पडले तर जॅक पुढे ढकला, एक्सेलमध्ये तडजोड नको.

लाइट याच पैशात बसतील. ३ मिलिमीटरचे एलईडी घ्या, ५ चे या मापात मोठे दिसतात. ५ व्होल्टवर पांढऱ्याला २२० ओहम, लालला ३३० ओहम. सहाव्या चॅनलला एक रिमोट स्विच लावला की हेडलाइट झाले. हॉर्नला मात्र चॅनल उरत नाही असं वाटेल. तिसरा बघा, डाव्या काडीची उभी हालचाल मोकळीच आहे. काडी वर ढकलली की साउंड मॉड्युल वाजेल, खाली ओढली की बंद. ती स्प्रिंगने परत येत नाही, तेव्हा लांब हॉर्न द्यायला बोट दाबून धरावं लागणार नाही. घरचे मात्र त्रासतील.